वात कुणाच्या हातात?

कंदिलाच्या बुडाशी, वातीच्या बाजूला एक छोटी दातेरी चकती असते. ती फिरवली की वात खाली-वर होते. लोडशेडिंगच्या काळात ज्यांनी अभ्यास केलाय त्यांना हे सांगायला नको. कंदील बनवणाऱ्यानं गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही, की आत रॉकेल कुठल्या दुकानातलं भरलंय. रेशनचं असो नाहीतर काळ्या बाजारातलं, चकती फिरायची आणि वात खाली जायची. आता समजा, एखाद्या कंदिलानं आधी रॉकेलचा वास घेतला असता आणि 'हे आमच्या ओळखीच्या दुकानातलं नाही' म्हणून चकती आवळून धरली असती, तर आपण तो कंदील उचलून विकणाऱ्याच्या गल्ल्यावर आपटला असता. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण निमूटपणे स्वतःलाच अडाणी ठरवतो.

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त होईना, ही फार जुनी तक्रार आहे. इतकी जुनी, की तिच्याकडे कुणी गांभीर्यानं बघत नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी म्हणते, लिनक्स आमचा विषय नाही. दुकानदार म्हणतो, 'मॅडम, विंडोजच टाका ना.' लिनक्सवाले टर्मिनलमध्ये टाकायची एक ओळ पाठवतात आणि मोकळे होतात. मला या तिघांशीही भांडायचं आहे. चौथं भांडण सरकारशी आहे, जे मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूनं धोरण लिहितं आणि बाकीचं नशिबावर सोडतं.

पण स्क्रीनच्या उजेडावाचून एवढं काय अडलं, हे आधी सांगायला हवं.

मी शिरवण्यात राहते. जुईनगर स्टेशनवरून चालत जाता येतं, एका बाजूला सायन-पनवेल महामार्ग आणि दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. नवी मुंबईच्या सेक्टरांमध्ये इमारतींच्या मधे जागा असते, गावठाणात नसते. दोन इमारतींच्या मधल्या गल्लीतून एक स्कूटर कशीबशी जाते आणि खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. इथल्या खोल्यांमध्ये आमच्यासारखे भाडेकरू राहतात. एक मुलगी हॉस्पिटलात नर्स, तिची नाइट. दुसरी एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये, तिची पहाटेची शिफ्ट. तिसरी मी, जी रात्री भाषांतरांची कामं करते. दहा बाय बाराच्या खोलीत तिघींची झोप वेगवेगळ्या वेळी असते. अशा खोलीत स्क्रीनचा उजेड ही माझ्या एकटीच्या डोळ्यांची बाब राहत नाही. रात्री दीड वाजता पूर्ण ताकदीनं पेटलेला पंधरा इंची स्क्रीन म्हणजे दुसरीच्या तोंडावर मारलेली बॅटरी. आमची घरमालकीण आजी एकदा दारातून डोकावून म्हणाली, 'बत्ती बारीक कर गो, पोरीला झोपू दे.' आजीचं म्हणणं साधं होतं. माझ्या लॅपटॉपला ते कळत नव्हतं.

हा लॅपटॉप सेकंडहँड आहे, साडेअकरा हजारांचा, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. कंपनीचं नाव घेत नाही. कुठल्याही कंपनीच्या गिऱ्हाइकाला हा अनुभव येऊ शकतो. आणि असे लॅपटॉप आता पुष्कळ येणार आहेत, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. म्हणजे कीबोर्ड चांगला, स्क्रीन चांगला, प्रोसेसर अजून पाचेक वर्षं सहज चालेल असा, पण कागदोपत्री म्हातारा ठरलेला माल बाजारात उतरतो. ऑफिसांतून निघतो, रिफर्बिश होतो, लॅमिंग्टन रोडवर आणि आपल्या नाक्यावरच्या दुकानात येतो. कॉलेजातली मुलं तो घेतात. अशा मशीनला सुरक्षित ठेवायचा सरळ मार्ग लिनक्स हाच आहे. त्यामुळे ब्राइटनेसचा प्रश्न चार हौशी लोकांचा आहे असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. हा स्वस्तातला लॅपटॉप घेणाऱ्यांचा प्रश्न आहे.

मी लिनक्स मिंट टाकलं. वायफाय चाललं, आवाज आला, मराठी अक्षरं नीट दिसली. ब्राइटनेसची कळ दाबली की स्क्रीनवर छोटी पट्टी यायची आणि ती पट्टी मोठ्या ऐटीत शंभरावरून दहावर जायची. दिवा मात्र होता तसाच. पट्टी हलतेय आणि उजेड हलत नाही. हा प्रकार समजून घ्यायला आत काय चालतं ते बघावं लागतं. बघूया, कारण कारण कळलं की दोष कुणाचा हेही कळतं.

लॅपटॉपच्या पडद्यामागे एलईडी दिव्यांची रांग असते, तिला बॅकलाइट म्हणतात. बहुतेक मशीनमध्ये हे दिवे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद होतात. बंद राहण्याचा वेळ वाढवला की आपल्याला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. दिव्यांना हा हुकूम कुणी द्यायचा? इथे तीन वाटा आहेत. पहिली वाट फर्मवेअरची, म्हणजे मदरबोर्डवर कंपनीनं आधीच भरून दिलेल्या प्रोग्रॅमची. एसीपीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं ऑपरेटिंग सिस्टिम फर्मवेअरला सांगते आणि फर्मवेअर दिवे मंद करतं. दुसरी वाट कंपनीच्या स्वतःच्या खास यंत्रणेची. तिसरी वाट थेट ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरची. एकाच दिव्याला तीन चकत्या. त्यातली खरी कुठली आणि नुसती शोभेची कुठली, हे मॉडेलगणिक बदलतं आणि ते कंपनीशिवाय कुणाला आधी माहीत नसतं.

आता गंमत बघा. एसीपीआय ही १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून जाहीर केलेली खुली पद्धत. त्यात एक सोय आहे: मशीन सुरू होताना फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारू शकतं, 'तू कोण?' प्रत्यक्षात प्रश्न असा असतो: 'तू अमुक सालचं विंडोज आहेस का?' आणि लिनक्स या प्रश्नाला 'हो' म्हणतं. खरंच म्हणतं. लिनक्सच्या कर्नेलच्या अधिकृत दस्तऐवजात हे उघडपणे लिहिलेलं आहे. पूर्वी ते 'मी लिनक्स' असंही सांगायचं; २००७ मध्ये, २.६.२३ या आवृत्तीपासून ते बंद केलं. कारण कंपन्या फर्मवेअर तपासतात ते विंडोजवर. 'मी लिनक्स' म्हटलं की फर्मवेअर ज्या वाटेनं जायचं ती वाट कुणी धड तपासलेलीच नसायची.

म्हणजे खोली भाड्यानं घ्यायला गेल्यावर काही लोकांना आडनाव बदलून सांगावं लागतं, तसं हे आहे. मुंबईत राहणाऱ्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. खोटं आडनाव सांगणाऱ्याला आपण दोष देणार, की विचारणाऱ्याला?

पण खोट्या आडनावाचा भुर्दंडही पडतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. विंडोजनं उजेड सांभाळायचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळवलं आणि कंपन्यांनी फर्मवेअरमधल्या जुन्या वाटेकडे दुर्लक्ष केलं. विंडोजवर ती वाट वापरलीच जात नव्हती, तर तपासणार कोण? लिनक्सनं 'मी विंडोज ८' म्हणायला सुरुवात केली आणि कित्येक लॅपटॉपांवर ब्राइटनेसच्या कळा एका रात्रीत बंद पडल्या. लिनक्सच्या लोकांना पुढचं वर्ष-दोन वर्षं ते निस्तरावं लागलं. कुठल्याही खलनायकाची गरज नव्हती. नुसत्या बेफिकिरीनं काम झालं.

खलनायकाची गोष्टही लिनक्सवाल्यांना आवडते, तिचाही हिशेब करते. २४ जानेवारी १९९९ ला बिल गेट्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना पाठवलेला एक ईमेल अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून पुढे आला. त्यात त्यांनी अशी खंत बोलून दाखवली होती, की एसीपीआयसाठी मेहनत आपण आणि आपले भागीदार करणार आणि लिनक्स मात्र काहीच न करता त्यावर छान चालणार. हे काहीतरी करून विंडोजपुरतं ठेवता येईल का? ईमेल खरा आहे. पण त्या ईमेलमुळेच आज तुमच्या स्क्रीनचा उजेड अडलाय, असं म्हणणं मात्र थाप ठरेल. एसीपीआय खुलीच राहिली. त्या ईमेलचं महत्त्व एवढंच, की दिव्याच्या चकतीवर ताबा ठेवणं हा धंद्याचा भाग आहे हे तिथे वरच्या लोकांना पंचवीस वर्षांपूर्वी कळत होतं. आपल्याला ते अजून कळत नाही, म्हणून आपण याला 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणतो.

कंपन्यांचं उत्तर मला माहीत आहे: आम्ही लॅपटॉप विंडोजसकट विकला, तुम्ही दुसरं काही टाकलं तर तुमचं तुम्ही बघा. वर दुसरं उत्तर: लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी कोण खर्च करणार?

दुसऱ्या उत्तराचा निकाल तुमच्या हातातच आहे. तुम्ही हा लेख अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर तुम्ही तो लिनक्सच्या कर्नेलवर वाचताय. बोटानं पट्टी खाली ओढा. उजेड कमी झाला ना? आठ हजारांच्या फोनवरही होतो. उन्हात गेलात तर आपोआप वाढतो. कर्नेल तोच, दिवे तसेच. फरक एवढाच, की फोन बनवणाऱ्या कंपनीला तो लिनक्सवर चालवूनच विकायचा असतो, म्हणून ती आपल्या दिव्याची माहिती कर्नेलला देते. गूगलच्या क्रोमबुकांचंही तेच. तेव्हा 'लिनक्सला ब्राइटनेस जमत नाही' हे वाक्य आजपासून कुणी तुमच्यासमोर म्हटलं, तर त्याच्या खिशातला फोन त्याला दाखवा.

पहिल्या उत्तराबद्दल. विंडोजसकट विकलंत, कबूल. पण मी पैसे दिले ते काचेचे, दिव्यांचे, बॅटरीचे. दिवा मंद करणं हे सॉफ्टवेअरचं एखादं जादा वैशिष्ट्य नाही, ते त्या वस्तूचं मूळ काम आहे. कंपनीनं प्रत्येक लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहावा असं मी म्हणत नाही. तीन चकत्यांपैकी खरी कुठली, हे एका पानावर छापा, एवढंच म्हणते. पंख्याच्या खोक्यातसुद्धा वायर कुठली कुठे जोडायची याचं चित्र असतं.

आता घरच्या मंडळींकडे वळते, म्हणजे लिनक्सवाल्यांकडे. त्यांच्याशी भांडण आपुलकीचं आहे, पण भांडण आहे.

अडचण सांगितली की यांची दोन उत्तरं ठरलेली. एक: 'माझ्याकडे तर मस्त चालतं.' दुसरं: ही ओळ टर्मिनलमध्ये टाक. ती ओळ हमखास एक्सरँडर नावाच्या आज्ञेची असते, शेवटी ब्राइटनेस आणि शून्य पूर्णांक पाच. टाकली की स्क्रीन काळपट होतो आणि माणूस खूश होतो. पण या आज्ञेनं दिवा मंद होतच नाही. ती फक्त चित्रातले रंग काळे करते. मागचे एलईडी पूर्ण ताकदीनं जळत राहतात. कंदिलाची वात खाली न करता काचेला काजळी फासण्याचा हा प्रकार. बॅटरी तेवढीच खाल्ली जाते, काळा रंग राखाडी दिसतो, अक्षरं धूसर होतात. आणि हल्ली बऱ्याच लिनक्सवर एक्स जाऊन वेलँड आलंय, तिथे ही आज्ञा कामही करत नाही. तरी ती पाठवली जाते, कारण पाठवायला सोपी आहे. नवख्या मुलीला तात्पुरती काजळी द्यायची आणि ती परत विंडोजकडे गेली की तिला कष्ट नकोत म्हणून नावं ठेवायची, याला प्रचार म्हणत नाहीत.

खरं उत्तर द्यायला दहा मिनिटं लागतात. ते मराठीत असं सांगता येतं.

आधी लक्षण नीट बघा. पट्टी दिसतच नाही, की पट्टी हलते पण उजेड हलत नाही, की रीस्टार्ट केल्यावर उजेड पुन्हा पूर्ण होतो? तिन्हींची कारणं वेगळी. मग सिस्टिममधलं 'सिस' हे फोल्डर उघडा, त्यात 'क्लास', त्यात 'बॅकलाइट'. इथे तुमच्या मशीनच्या चकत्यांची नावं दिसतात. इंटेल बॅकलाइट किंवा एएमडी जीपीयू अशा नावाची असेल तर ती ग्राफिक्स ड्रायव्हरची. एसीपीआय व्हिडिओ असेल तर ती फर्मवेअरची.

फोल्डर रिकामं असेल तर चकतीच जोडलेली नाही. याचं एक नेहमीचं कारण अगदी साधं आहे. लिनक्स टाकताना स्क्रीन अडखळला म्हणून तुम्ही 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडलेला असतो. त्यानं 'नोमोडसेट' नावाचा शब्द बूटच्या ओळीत जातो आणि काही वेळा कायमचा तिथेच राहतो. तो असेपर्यंत ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर जागाच होत नाही, मग ब्राइटनेस कुठून येणार? तो शब्द काढला की पुष्कळांचा प्रश्न तिथेच सुटतो.

फोल्डरमध्ये दोन नावं असतील तर पट्टी चुकीच्या चकतीला जोडलेली असण्याचा संभव मोठा. माझ्या मशीनवर तेच होतं: पट्टी फर्मवेअरची चकती फिरवत होती आणि दिवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या ताब्यात होता. ओळखायचं कसं? प्रत्येक नावाच्या आत 'मॅक्स ब्राइटनेस' ही फाइल असते, तिच्यात सगळ्यात मोठा आकडा असतो. त्याच्या निम्मा आकडा अ‍ॅडमिनच्या अधिकारानं शेजारच्या 'ब्राइटनेस' फाइलमध्ये लिहा. जिथे लिहिल्यावर दिवा मंद होईल ती खरी चकती. शून्य मात्र लिहू नका. काही मशीनवर स्क्रीन पूर्ण काळा होतो आणि मग अंधारात टाइप करत बसावं लागतं.

खरी चकती कळली की कर्नेलला तेवढं सांगायचं असतं. मशीन सुरू होताना ग्रबची यादी आणा, ई ही कळ दाबा, 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' एवढं इंग्रजी अक्षरांत जोडा आणि एफ १० दाबा. नेटिव्हनं नाही झालं तर त्या जागी 'व्हेंडर', मग 'व्हिडिओ'. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. फसला तर रीस्टार्ट करा, सगळं पूर्ववत. जो शब्द चालेल तो मग ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा लिहा. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या गेमिंग लॅपटॉपांवर आणखी एक गोष्ट बघावी लागते: स्क्रीन नेमका कुठल्या चिपला जोडलाय. आणि या सगळ्याच्या आधी कर्नेल नवा करून बघा.

कर्नेल नवा करा म्हणते त्यालाही कारण आहे. लिनक्समध्ये 'व्हिडिओ_डिटेक्ट' नावाची एक फाइल आहे. तिच्यात लॅपटॉपांची लांबलचक यादी आहे: अमुक कंपनी, अमुक मॉडेल, याला ही वाट वापर, याला ती वापरू नकोस. काही नोंदींच्या डोक्यावर ती तक्रार कुठे नोंदवली होती त्याचा दुवाही आहे. कुठल्यातरी देशात कुणाच्यातरी स्क्रीनचा उजेड अडला, त्या माणसानं चिडचिड करून गप्प न बसता आपल्या मशीनचं नाव-मॉडेल कळवलं आणि त्यानंतर त्या मॉडेलच्या प्रत्येक मालकाचा प्रश्न न विचारता सुटला. रेड हॅटमध्ये असताना हान्स द ख्युडा या डच प्रोग्रॅमरनं या भागावर वर्षानुवर्षं काम केलं. ११ डिसेंबर २०२२ ला आलेल्या ६.१ कर्नेलमध्ये त्यांनी एका स्क्रीनला एकच चकती दिसावी यासाठी मोठी डागडुजी केली. कंपन्यांनी एका पानात छापायची माहिती अशी एकेका तक्रारीतून गोळा करावी लागते. मला ती यादी वाचताना अभिमान वाटतो आणि रागही येतो.

त्याच महिन्यात, २४ डिसेंबर २०२२ ला, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही चार क्षेत्रं धरली. हेतू चांगला. पण दुरुस्ती म्हणजे स्क्रू आणि सुटे भाग, इथेच हा विचार थांबतो. माझ्या लॅपटॉपचा एकही स्क्रू ढिला नव्हता. बिघाड माहिती दडवण्यात होता. त्या माहितीवर हक्क सांगितल्याशिवाय दुरुस्तीचा हक्क पुरा होत नाही.

आणि धोरणाचं म्हणाल तर आपण श्रीमंत आहोत. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, असं केंद्र सरकारचं धोरण २०१५ पासून आहे. सीडॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स २००७ मध्येच आणलं. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्सचे धडे मराठीतही करून ठेवलेत. लोहित हा मुक्त फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी सांभाळला. कामाचे लोक आपल्याकडे नव्हते असं कुणी म्हणू नये. तरीही २००१ पासून ज्या एमएससीआयटीनं गावोगावच्या पोरांना माउस हातात दिला, त्या कोर्सनं कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस हीच ओळख करून दिली. सरकारी नोकरीसाठी ते सर्टिफिकेट लागतं, म्हणून आमच्या आख्ख्या पिढीनं ते केलं. त्याचे उपकार आहेतच. पण चूल म्हणजे एकाच कंपनीचा गॅस, असं शिकवल्यासारखं ते झालं.

केरळनं दुसरं करून दाखवलं. तिथल्या सरकारी शाळांमध्ये आयटीचा विषय मुलं लिनक्सवर शिकतात, शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं, आणि शाळांसाठीची लिनक्सची आवृत्ती काइट ही सरकारी संस्था स्वतः तयार करते. एवढ्या शाळांचं गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की 'लिनक्स आमचा विषय नाही' हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून सहजी निघत नाही. एकट्या गिऱ्हाइकाला कंपनी हाकलू शकते, हजार शाळांच्या निविदेला नाही. महाराष्ट्र सरकारनं, महापालिकांनी आणि विद्यापीठांनी लॅपटॉप खरेदीच्या अटींमध्ये एक ओळ घालावी: लिनक्सवर ब्राइटनेस, आवाज, वायफाय आणि झोपवून उठवणं चालवून दाखवल्याशिवाय माल घेतला जाणार नाही. जादा पैसा लागत नाही. शाई लागते.

शिरवण्यात राहून मला या प्रकारात एक ओळखीची गोष्ट दिसते. १९७० मध्ये सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. नकाशा सुंदर होता. गावांतली कुटुंबं वाढतील, पोरांची लग्नं होतील, जादा खोल्या लागतील, याला त्या नकाशात पुरेशी जागा नव्हती. लोकांनी घरं वाढवली. त्यांना नाव पडलं 'गरजेपोटी बांधलेली घरं' आणि शिक्का बसला 'अनधिकृत'. शासन निर्णय निघत राहिले, वाद चालूच राहिला. घर आणि स्क्रीन एका मापानं मोजता येत नाहीत, हे मला कळतं. ज्याच्या घरावर नोटीस लागते त्याच्या रात्रीची बरोबरी माझ्या रात्रीशी होणार नाही. पण रीत एकच आहे: आखणाऱ्यानं तुमचा विचार केला नाही, आणि तुम्ही आपली सोय केलीत की तुमचंच काहीतरी बेकायदा आहे असं तुम्हाला वाटायला लावलं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणारी माणसं गरजेपोटीच टाकतात. त्यांच्याकडे आगाऊ पोरं म्हणून बघणं बंद करा.

तुम्हाला सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा असेल तर माझं सांगणं एवढंच. दुकानात जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन जा. मशीन त्यावरून सुरू करा, आत काही टाकायची गरज नाही. दिवा कमी करून बघा, वाढवून बघा. झाकण लावा, उघडा, पुन्हा बघा. पाच मिनिटांत कळतं. नाही चालला तर भावात घासाघीस करा, नाहीतर दुसरा मागा. दुकानदार हसला तर हसू द्या; दहा गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन आली की अकराव्यासाठी तो स्वतःच तपासून ठेवेल. लॅपटॉप 'उबंटूसह' म्हणून नवा घेतला असेल आणि ब्राइटनेस चालत नसेल, तर ती तुमची हौस नव्हे, मालातला दोष आहे. तशीच लेखी तक्रार करा. आणि तुम्हाला उत्तर सापडलं तर आपल्या मॉडेलचं नाव कळवा, म्हणजे त्या यादीत ते जाईल. शिवाय मराठीत लिहून ठेवा. मेनूतल्या शब्दांना आपण मराठी प्रतिशब्द दिले. बिघाडाची कारणं मात्र अजून इंग्रजीतच आहेत, आणि जे आपल्या भाषेत विचारता येत नाही ते विचारायला माणूस लाजतो.

माझ्या मशीनवर आता 'नेटिव्ह' लिहिलेलं आहे आणि रात्री उजेड दहा टक्क्यांवर असतो. त्यानं माझा प्रश्न सुटला, भांडण मिटलं नाही. कारण माझ्याकडे इंग्रजी होतं, इंटरनेट होतं आणि चार रात्री होत्या. ज्या मुलीकडे यातलं एकही नाही, ती पाचव्या रात्री कुणाकडून तरी चोरीचं विंडोज टाकून घेईल, आणि लिनक्स आपल्यासारख्यांसाठी नाही असं आयुष्यभर सांगत राहील. तिला तसं वाटायला लावणारे सगळे जण दिव्याची चकती आपल्या खिशात घालून बसलेत. ती मागून मिळणार नाही. विकत घेतलेल्या वस्तूची चकती मागायची नसते, ती हिशेबात धरूनच पैसे मोजायचे असतात.